भट्ट्या सुरू झाल्या. मुलं मोजायला चला

दिवाळी होऊन आठवडा झाला. घरांवरचे आकाशकंदील अजून उतरलेले नाहीत, तोवर नदीकाठच्या रस्त्यानं टेम्पो यायला लागले. मागे गोधड्यांची बोचकी, पातेली, टोपलीखाली दडपलेल्या कोंबड्या, एखादं कुत्रं आणि या सगळ्याच्या वर बसलेली मुलं. जव्हार-मोखाड्याहून, सुधागडहून, कर्जतच्या डोंगरातल्या वाड्यांवरून कातकरी, ठाकर, वारली कुटुंबं कल्याण, भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर उतरताहेत. आता पाऊस तोंडावर येईपर्यंत ती इथेच. घाटावर ऊसतोडीच्या टोळ्याही निघाल्या आहेत, आणि गायरानांवर, ओढ्याकाठी, बाजारतळांवर पालं पडायला लागली आहेत.

हे आवाहन त्या मुलांसाठी आहे. करतेय तुम्हाला. भट्टीशेजारी ज्यांचं शेत आहे त्यांना, ज्यांनी भट्टीला जमीन दिली आहे त्यांना, सरपंचांना, शाळेतल्या गुरुजींना, सकाळी त्या रस्त्यानं जाणाऱ्या दूधवाल्याला, गावच्या तरुण मंडळाला. मागणं एकच. तुमच्या हद्दीत बाहेरचं बिऱ्हाड उतरलं की आठ दिवसांच्या आत तिथली सहा वर्षांखालची मुलं मोजा, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांची नावं घ्या आणि ती यादी अंगणवाडीत नेऊन द्या. पैसे नकोत. जुने कपडे नकोत. बिस्किटांचे पुडे तर अजिबात नकोत. यादी हवी आहे.

यादीनं काय होणार, असं वाटेल. मलाही नोकरीत असताना यादी म्हणजे वरच्या साहेबाला पाठवायचा कागद वाटायचा.

मी आरोग्यसेविका होते. अंगणवाडीत सिस्टर, वाडीवर नर्सबाय. नोकरीचा पहिला निम्मा काळ डोंगरातल्या उपकेंद्रात गेला, उरलेला निम्मा भट्ट्यांच्या पट्ट्यात. म्हणून एकच गोष्ट दोन्ही टोकांनी पाहिली. डोंगरात असताना दिवाळीनंतर वाडीवर गेलं की निम्म्या झोपड्यांची कुडाची दारं सुतळीनं बांधलेली असायची. ओट्यावर एखादी म्हातारी. मी रजिस्टर उघडून त्या त्या मुलाच्या नावापुढे शेरा मारायची : स्थलांतरित. शेरा मारला की माझं काम संपलं. लसीकरणाच्या उद्दिष्टातून ती नावं वजा व्हायची, वजनाच्या टक्केवारीतून जायची आणि महिनाअखेरच्या बैठकीत माझा आकडा चांगला दिसायचा. पुढे बदली होऊन खाली आले, तर भट्टीवर तीच माणसं भेटली. तिथल्या रजिस्टरात त्यांची नावंच नव्हती. विचारलं तर म्हणे, ही बाहेरगावची. वर नाव आहे, मूल नाही. खाली मूल आहे, नाव नाही. या दोन वह्यांच्या मधल्या फटीत मुलं आठ-आठ महिने राहतात.

एका मुलीचं कार्ड अजून डोळ्यांसमोरून जात नाही. ऑक्टोबरात ती दहा महिन्यांची होती. आंब्याच्या फांदीला काटा टांगून वजन घेतलं : ७ किलो २०० ग्रॅम. झोळीत बसून पाय झाडत होती, सुई ठरेना, म्हणून मी तिच्या आईवर खोटंखोटं रागावले होते. जूनमध्ये त्याच फांदीला पुन्हा काटा बांधला. पोर दीड वर्षाची झाली होती. ६ किलो ९००. या वेळी सुई लगेच ठरली, कारण ती हललीच नाही. मधल्या आठ महिन्यांत कार्डावर एक टिंब नव्हतं. आईला म्हटलं, "तिकडं कुणी वजन केलं नाही का गं?" ती म्हणाली, "तिथं इटा मोजतात, बाय."

टोमणा नव्हता त्यात. मजुरी हजार विटांमागे ठरते, त्यामुळे विटा रोज मोजल्या जातात, एवढंच ती सांगत होती.

हजाराचा एक हिशोब आमच्याकडेही आहे. पोटातले साधारण २७० दिवस आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३०, मिळून हजार. दोन वर्षांचं होईतो मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा झालेला असतो. या काळात जी उंची खुंटते ती पुढे खाऊ घालून भरून काढणं फार अवघड. आता यात भट्टीचा हंगाम बसवून बघा. दिवाळीनंतर ते मेअखेर म्हणजे जवळजवळ २०० दिवस. हजार दिवसांत असे दोन हंगाम तर येतातच, कधी तीन. म्हणजे ४०० ते ६०० दिवस हे मूल अशा जागी असतं जिथे ना काटा येतो, ना लसीचा डबा, ना घरपोच शिध्याचं (टीएचआर) पाकीट. 'या वर्षी राहू द्या, परत गावी गेल्यावर बघू' असं आपण म्हणतो. आपल्याला तो एक हंगाम असतो. दहा महिन्यांच्या पोरीच्या आयुष्यात तो जवळपास निम्मा वाटा खाऊन जातो.

महाराष्ट्राचे सर्वसाधारण आकडेही काही अभिमानाचे नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी, २५ टक्क्यांहून अधिक उंचीच्या मानानं कृश आणि ३६ टक्के कमी वजनाची निघाली. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या जवळजवळ ६९ टक्के मुलांत रक्त कमी. ही पाहणी घरांची यादी करून, त्यातली घरं निवडून होते. विटांवर विटा रचून, वर पेंढा टाकून उभारलेलं आणि जूनमध्ये मोडायचं खोपटं त्या यादीत कितपत येत असेल, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

कातकऱ्याला खायचं कळत नाही, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी श्रावणात वाडीवर यावं. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, नंतर करांदे, ओढ्यातले मासे, शेतातले मुठे, चिंबोऱ्या. आमच्या आहार-सप्ताहाच्या फलकावर जे रंगीत चित्र असतं, त्याच्यापेक्षा त्या पोरांच्या ताटात जास्त रंग असतात. तीच पोरं भट्टीवर येतात आणि ताट पांढरं होतं. भात, वर सुकटीचं पाणी. नदी आहे पण तिच्यात वरच्या शहराचं सांडपाणी. रान नाही. दिवाळीआधी घेतलेला बयाणा सण, देणी आणि आजारपणात संपलेला असतो, आणि भट्टीवर हातात येते ती आठवड्याची खर्ची. ती बाजाराच्या दिवशीच उडते, कारण तेल, मीठ, तांदूळ, जळण सगळंच विकत.

शिवाय वेळ नाही. उन्हाआधी विटा पाडून व्हाव्यात म्हणून जोडपं रात्री दोन-तीनला उठतं. एक गारा मळतो, एक साचा मारतो. पोर झोळीत, नाहीतर ओल्या विटांच्या रांगांमध्ये गोधडीवर. राखायला सात-आठ वर्षांची बहीण. तिची शाळा दिवाळीला सुटली ती सुटलीच. चूल पेटते नऊ-दहाला. तोवर कोरा चहा, त्यात बुडवलेला बटर किंवा खारी. नवव्या महिन्यातल्या बाळालाही तेच. चहातलं तुरट द्रव्य अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, म्हणजे जे थोडं रक्त व्हायचं तेही होत नाही. मग रडणाऱ्या पोराच्या हातात पाच रुपयांचा चिप्सचा पुडा. बहीण तरी काय करणार? तिला पुडा फोडता येतो, भात शिजवता येत नाही.

वर्षाच्या मुलाचं पोट एका वाटीएवढं असतं. मोठ्यांबरोबर दोन वेळा जेवून त्याचं भागत नाही. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं, घट्टसर, वरून तेल घातलेलं द्यावं लागतं. एक चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी. हे मी शेकडो आयांना सांगितलं. एकीनं शांतपणे विचारलं होतं, "दिवसाला पाच वेळा मी साच्यावरनं उठू?" तेव्हापासून मी आयांना सांगायचं कमी केलं आणि भट्टीवाल्या शेठला सांगायला लागले. दर दोन तासांनी दहा मिनिटं. त्यानं भट्टी विझत नाही.

आता अंड्याची गोष्ट ऐका, कारण हे पुष्कळांना माहीत नसतं. आदिवासी भागासाठी आपल्या राज्यात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण आणि सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं. चांगली योजना आहे, माझ्या डोळ्यांदेखत पोरं अंड्यासाठी अंगणवाडीत धावत यायची. पण ती ठरलेल्या आदिवासी क्षेत्रापुरती. मोखाड्याचं पोर कल्याणच्या भट्टीवर आलं की त्याचं अंडं मोखाड्यातच राहतं. पोर तेच, जमात तीच, भूकही तीच. फक्त तालुका बदलला.

म्हणून ग्रामपंचायतींना माझी विनंती : स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणावर खर्च करायची असते ना? ती दरवर्षी कुठे जाते ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. या वर्षी त्यातून भट्टीवरच्या मुलांना अंडी द्या. भट्ट्यांकडून पंचायतीला महसूल येतोच की.

स्वच्छतेबद्दल बोलायचं तर आधी आमच्याच खात्याची चूक कबूल करते. 'जेवणाआधी साबणानं हात धुवा' असा फलक मी स्वतः भट्टीच्या पत्र्याला टांगला होता. खाली एक बाई दोन हंडे डोक्यावर घेऊन अर्धा कोस चालून आली होती. दोन हंड्यांत सहा माणसांचं पिणं, रांधणं, भांडी. हात कशानं धुणार, फलकानं? गारा मळायला मात्र मोटार लावून नदीचं पाणी खड्ड्यात भरलेलं. पोरं त्यातच डुंबतात आणि तहान लागली की तेच पितात.

जुलाबाचं इथून सुरू होतं. वारंवार जुलाब झाले की आतड्याची आतली लव झिजते आणि खाल्लेलं अंगाला लागत नाही. अंगाला लागत नाही म्हणून मूल अशक्त, अशक्त म्हणून पुन्हा जुलाब. नुसतं खाऊ घालून हे चक्र तुटत नाही, हंड्यातल्या पाण्यापासून तोडावं लागतं. यात गावानं करायचं काम फार सोपं आहे. पंचायतीच्या नळाची एक तोटी भट्टीपर्यंत न्यायची, नाहीतर आठवड्याला टँकर. जलसुरक्षक गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतोच, त्यानं भट्टीच्या पिंपातही टाकावी. जुलाब लागलेल्या मुलाला जलसंजीवनीचं पाकीट एक लिटर पाण्यात आणि चौदा दिवस झिंकची गोळी. दोन्ही आशाताईकडे फुकट मिळतात. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. जुलाबात दूध तोडतात, ते चुकीचं.

खरजेचंही असंच. भट्टीवरच्या पोरांच्या बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती खरूज असते, रात्रभर खाजवून झोप नाही आणि खाजवून खाजवून पू. औषध साधं आहे, आरोग्य केंद्रात मिळतं, पण घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेखाली सर्वांगाला लावायचं, सकाळी आंघोळ आणि सगळ्या गोधड्या कडक उन्हात. एकट्या पोराला लावलं तर आठ दिवसांत परत. तीस माणसांच्या भट्टीवर हे करायचं तर एक दिवस काम बंद आणि भरपूर पाणी हवं. एका शेठनं एकदा होळीची सुट्टी त्यासाठी दिली होती. त्या हंगामात त्याच्या भट्टीवर पोरं रात्री झोपली, आणि आयाही.

आता पालांकडे येते. इथे माझा अनुभव कमी, पण संताप जास्त आहे.

पारधी, वडार, घिसाडी, वैदू, मसणजोगी, गोपाळ, डोंबारी. कुणी दगड फोडतं, कुणी विळे-खुरपी घडवतं, कुणी जडीबुटी विकतं. यांच्यातल्या काही जमातींवर इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, शिक्का मात्र गावाच्या डोळ्यांत राहिला. पाल दिसलं की पोलीस पाटलाला फोन जातो. जायचा तो जाऊ दे, पण त्याच मोबाइलवरून एक फोन अंगणवाडीताईला करा. भटक्या विमुक्तांसाठी बाळकृष्ण रेणके आणि भिकूजी इदाते या दोन मराठी माणसांच्याच अध्यक्षतेखाली केंद्राचे दोन आयोग होऊन गेले. अहवाल आले. त्यानंतर जन्मलेली पालांवरची किती मुलं जन्मदाखल्याशिवाय मोठी झाली, हे कोणत्याही बाजारतळावर जाऊन विचारा.

पाल पंधरा दिवसांत हलतं, म्हणून त्या मुलाची लसही हलते. पेंटाव्हॅलंटच्या मात्रा दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. गोवर-रुबेला नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमाराला. एका गावात पहिली मिळाली तर दुसरी वेळ येईतो बिऱ्हाड तिसऱ्या तालुक्यात. कार्ड पावसात भिजलेलं, नाहीतर हरवलेलं. आम्ही मग डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण शोधायचो. व्रण दिसला की एवढं कळायचं, हे पोर कधीतरी कुणाच्या तरी वहीत होतं. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उठला तेव्हा सगळ्यांना आठवलं की लस न मिळालेलं एक मूल हे फक्त त्याच्या आईची काळजी नसते.

यावर एक सुचवते. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, होळीपासून पाडव्यापर्यंत. भटक्यांच्या कितीतरी जमाती तिथे दरवर्षी एकत्र येतात. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो, तिथेही येतात. जी माणसं वर्षभर आपल्याला सापडत नाहीत म्हणून आपण कुरकुरतो, ती स्वतःहून एका जागी येतात. तिथे लसीचा तंबू, वजनाचा काटा आणि जन्मदाखल्याचं टेबल प्रत्येक वर्षी का नसावं? यात्रेच्या समितीनं, आसपासच्या महाविद्यालयांतल्या एनएसएसच्या मुलांनी हे मनावर घ्यावं. वेळ आहे, पण फार नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे, हे लक्षात असू द्या. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाचा आहार हा हक्क केला : तीन वर्षांखालच्याला घरपोच शिधा, वरच्याला शिजवलेलं जेवण. कायद्यातल्या मूळ निकषानं ते दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं होतं; तीव्र कमी वजनाचं असेल तर ८०० कॅलरी. सर्वोच्च न्यायालयानं १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सांगितलं की जिथे सहा वर्षांखालची निदान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. मागणी करायला आकडा लागतो. चार भट्ट्या मिळून ४० मुलं सहज भरतील, पण ती मोजलीच नाहीत तर चाळीस कुठून दिसणार? कमी भरली तर जवळच्या अंगणवाडीत नावं घालायची. राज्याच्या महिला व बालविकास विभागानं स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय व्यवस्थाही उभी केली आहे. वरच्या गावची अंगणवाडीताई तिच्यात नोंद करते, खालच्या ताईनं ती उचलायची. खालची ताई कशी उचलणार? तिला कुणी सांगायला हवं की टेम्पो आला.

रेशनचंही तसंच. एका कार्डावर देशात कुठेही धान्य मिळतं, आणि थोडं इथे थोडं गावी असंही उचलता येतं. कातकऱ्यांची नोंद केंद्राच्या यादीत अतिअसुरक्षित आदिवासी जमातींत आहे. महाराष्ट्रात अशा तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. अनेक घरांकडे महिना ३५ किलोचं अंत्योदय कार्ड असतं. ते बहुधा वाडीवर म्हातारीच्या पत्र्याच्या पेटीत असतं. कार्ड इथल्या दुकानात चालतं हे त्यांना सांगा, आणि दुकानदार 'नेट नाही' म्हणाला तर शेजारी उभे राहा. तुम्ही उभे राहिलात की नेट येतं, हा माझा अनुभव आहे.

अंगणवाडीताईंवर आधीच कामाचा ढीग आहे, मला माहीत आहे. मानधनावर राबतात, मोबाइलमध्ये नोंदी भरता भरता पोरांकडे बघायला वेळ उरत नाही. म्हणून तर तुम्हाला सांगतेय. भट्टी गावापासून दोन-तीन किलोमीटरवर, रस्ता कच्चा, कुत्री सुटलेली. एकटी बाई एकदा जाईल, दहादा नाही. तुमची मोटरसायकल, तुमची ओळख, तुमचा शेठशी असलेला व्यवहार, यातलं काहीतरी तिच्याबरोबर जाऊ दे.

आता मोजणीला गेल्यावर काय करायचं ते सांगते. वजनकाटा नसला तरी चालेल. अंगणवाडीत दंडघेराची पट्टी असते, लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला आईच्या मांडीवर बसवा. डावा हात सैल सोडलेला. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी गुंडाळा, आवळू नका, लोंबू देऊ नका. १२.५ सेंटिमीटरच्या वर हिरवा. ११.५ ते १२.५ पिवळा, म्हणजे लक्ष ठेवा, ताईंच्या वहीत आजच नाव घाला. ११.५ च्या खाली लाल. लाल म्हणजे उद्या नाही, आजच प्राथमिक आरोग्य केंद्र. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून बघा. दाबून सोडल्यावर खड्डा तसाच राहिला तर ती सूज आहे, पोर गुबगुबीत दिसत असलं तरी तेही लालच. मूल काही पीत नसेल, सुस्त पडलं असेल, श्वास घेताना छातीखालची बाजू आत ओढली जात असेल, तर १०८ ला फोन करा, पट्टी नंतर.

लाल मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे ठेवतात, आईला सोबत राहावं लागतं. आईला बुडीत मजुरी मिळते. तरी आया जात नाहीत, कारण मागे दुसरी पोरं आणि जोडी मोडली तर साचा बंद. इथे शेठच्या हातात सगळं असतं. भट्टीमालकांनो, चौदा दिवस तिचा हिशोब थांबवू नका, बयाण्यात चढवू नका. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी नातवंडं आहेत, तुमच्या घरी त्यांना लस द्यायला मीच यायची.

एक विनंती बोलण्याबद्दल. मोजायला जाल तेव्हा आईला रागावू नका. 'एवढं घाण कसं ठेवलं', 'इतकी पोरं कशाला' असली वाक्यं गिळा. फोटो काढू नका. काढलाच तर लसीच्या कार्डाचा काढा आणि तो त्यांच्याच मोबाइलमध्ये ठेवा, कार्ड भिजलं तरी कामाला येईल. पोराला उचलून घ्या. हात मातीनं भरतील, ते धुता येतात. तुमच्या घरी पाणी आहे.

यादी वहीच्या पानावर चालेल. मुलाचं नाव, आईचं नाव, वय महिन्यांत, मूळ गाव आणि वाडी, लसीचं कार्ड आहे की नाही, पट्टीचा रंग. वय नक्की सांगता येत नसेल तर सण विचारा : होळीत चालायला लागला होता का, गणपतीत दात आले होते का. आया अगदी अचूक सांगतात. पानाची एक प्रत स्वतःकडे ठेवा, कारण फेब्रुवारीत, जंतांच्या गोळीच्या दिवशी, तीच मुलं पुन्हा मोजायची आहेत, आणि मेमध्ये टेम्पो परत भरायच्या आधी शेवटची. त्या वेळी मूळ गावच्या ताईला फोन करून सांगायचं, तुमची बारा पोरं निघाली, त्यातली दोन पिवळी आहेत.

जायचं असेल तर रात्रपाळीच्या विटा पडून बाया चुलीशी येतात तेव्हा जा, सकाळी नऊ ते अकरा. त्याआधी गेलात तर कुणाला मान वर करायला वेळ नसतो, आणि दुपारी सगळी झोपलेली असतात. या रविवारी बाजार आहे, भट्टीवर कुणी सापडणार नाही. सोमवारी चला.